रेघ जुळते तोवर

केडगाव
१४ जानेवारी २०२४

चांदभाई,

सप्रेम नमस्कार. शमशादभाभींनाही सांग.

फोन करून उपयोग नाही हे मला माहीत आहे. जन्मभर सायलेन्सरच्या तोंडाशी बसून तुझे कान गेले. तुझ्या लेकीच्या, अरफाच्या मोबाईलवर निरोप द्यावा, तर ती तुला ओरडून सांगते आणि तो सगळ्या तिसगावला कळतो. म्हणून आपलं पत्र बरं. पोस्टात नोकरी झाली, ही सवय काही सुटत नाही.

बातमी अशी की आमचे जावई ज्ञानेश्वर, ज्योतीचे मिस्टर, यांनी इथे मोटारसायकलवाल्यांचा एक ग्रुप काढला आहे. नाव ‘काळी माती रायडर्स’. आतापर्यंत कोकण, गोवा, हंपी असं फिरले. यंदा जूनमध्ये नगर ते लेह. जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटर. अकरा गाड्या आहेत, अकरावी माझी. सासरा म्हणून मला घेतलं, नाहीतर चौसष्ट वर्षांच्या माणसाला कोण विचारतो.

तुला आठवतं का? ब्याण्णव साली मी तिसगावला पोस्टमास्तर होतो. कडूबाईचा मुलगा फौजेत होता, त्याचं पत्र लेहहून आलं होतं. पोस्टाच्या पायरीवर बसून मी तिला वाचून दाखवलं आणि तू ग्रीसच्या हातांनी शेजारी उभा राहून ऐकलंस. ‘आई, इथला रस्ता ढगाच्या वर आहे.’ तू ते पाकीट हातात घेऊन त्याच्यावरचा लेहचा शिक्का किती वेळ बघत होतास. जायचं, दोघांनी, दोन गाड्यांवर, असं तू म्हणालास आणि मी हो म्हणालो. लग्न, बदल्या, पोरंबाळं, यात राहूनच गेलं.

तर एक काम आहे. अकराही गाड्या तू तयार करून द्याव्यास असं मी ग्रुपमध्ये सांगितलं. चांदभाईचा हात लागल्याशिवाय मी माझी गाडी करंजीच्या घाटात सुद्धा घालणार नाही, असं सगळ्यांसमोर बोललो. करशील ना?

तुझा
आसाराम

तिसगाव
२८ जानेवारी २०२४

आसारामला चांदचा सलाम.

पत्र भेटलं. शमशादला वाचून दाखवलं. ती म्हनली, म्हातारपनी चळ लागला दोघांला. म्हनलं लागू दे, बत्तीस वर्सं थांबलोय.

करशील का म्हनून इचारतोस व्हय? हे काय इचारनं झालं. अकरा म्हनतोस, पन माझी धरून बारा हुत्यात. पोस्टात असंच मोजत हुतास का रं?

मी लगेच कामाला लागलो. शेवगावला एकाच्या गोठ्यात तुझ्याच सालची बुलेट पडली हुती. कोंबड्या अंडी घालत हुत्या तिच्यावर. ती उचलून आनली. मुद्दाम तुझ्याच सालची घेतली. दोन्ही गाड्यांचा एकूनएक पार्ट सारखा, म्हंजे तिकडं वर तुझं काय मोडलं तर माझं काढून लावू, माझं मोडलं तर तुझं. नवीन गाड्यावाल्यांला हे जमायचं न्हाई.

आनि एक करनार हाय. क्लचच्या वायरीबरोबर दुसरी वायर आत्ताच वढून ठेवतो, शेजारी बांधून. घाटात वायर तुटली तर हँडलपाशी नुसती अडकवायची, पाच मिन्टाचं काम. दोन्ही गाड्यांला दोन दोन वायरी.

नटांचं तुला ठाऊक हाय. आवळून झालं की नटावरनं खालच्या लोखंडापतूर एक रेघ मारायची. पैले रंगाची मारायचो, आता अरफाचं नेलपॉलिश घेतो. लालभडक हाय, ती चिडते. रेघ जुळती तोवर नट हलला न्हाई समजायचं. रोज सकाळी पाना काढायची गरज न्हाई, गाडीभवती एक चक्कर मारून रेघा बघायच्या. माझ्या उस्तादाच्या हातनं चाकाच्या एक्सलचा नट आवळायचा राह्यला हुता आन करंजीच्या घाटात मानूस गेला. त्यानं परत पाना हातात धरला न्हाई. तवापासून मी रेघ मारल्याबिगर गाडी दारातनं सोडली न्हाई. हे मी तुझ्याशिवाय कुनाला सांगितलेलं न्हाई.

जूनमदी बकरी ईद हाय सतराला. ती झाल्यावर निघू म्हनावं जावयाला. न्हाईच जमलं तर ईद रस्त्यात करीन, अल्ला काय तिसगावातच न्हाई.

तुझा
चांद

केडगाव
२१ फेब्रुवारी २०२४

चांदभाई,

नमस्कार. कोंबड्यांचं वाचून तुझी वहिनी विजयमाला खूप हसली. तू गाडी उभी करशील यात शंका नाही.

एक-दोन गोष्टी लिहायच्या होत्या. या ग्रुपचे नियम फार आहेत. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र असतं. पुढचा माणूस मागच्यांना सांगतो, खड्डा आहे, ट्रक आहे, गाय आडवी आहे. ते ऐकू आलंच पाहिजे. मग डॉक्टरचा दाखला लागतो. वर हवा विरळ असते, दम लागतो, तुझं वय एकसष्ट. गाडीही पाच वर्षांच्या आतली हवी असं काहींचं म्हणणं आहे. माझ्या गाडीला सूट मिळाली ती घरातला म्हणून.

मी तुझं नाव घातलं आहे. बोलणं चालू आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, तब्येतीचं आधी बघ. तिथे जाऊन काही झालं तर शमशादभाभींना मी काय तोंड दाखवू?

पोरं गाड्या घेऊन एका रविवारी येतील. त्यांना चहा-नाश्ता देण्याच्या भानगडीत पडू नकोस, ते खाऊन येतात.

तुझा
आसाराम

तिसगाव
२६ मार्च २०२४

आसारामला सलाम.

तुझी पोरं रविवारी येऊन गाड्या ठेवून गेली. अकरा गाड्या दारात लागल्या तर लोकांला वाटलं लगीनच हाय. पोरं चांगली हायेत. मला रोजा हाय म्हनल्यावर माझ्यासमोर पानी प्यायला लाजली, लिंबाखाली जाऊन पाठ करून प्याली. चाचा चाचा करत हुती. फोटो काढले लई. मी चाकात वाकलेला, मी पाना धरलेला. अरफाला इचारलं, फोटोखाली काय लिहिलंय? ती म्हनली, ‘आमचे मेकॅनिक चाचा’. म्हनलं त्यांला सांग, बारावा गडी लिहा.

नव्या गाड्यांत दम हाय पन कंपनीतनं नट ढिलेच येतात. ज्ञानेश्वररावांच्या गाडीचा पुढचा ब्रेक तिरपा बसलेला हुता, मी सांगितल्यावर त्यांचं तोंड बघन्यासारखं झालं. तुझ्या गाडीच्या इंजनातलं टॅपेट वाजतंय. तुला दोन धड कानांनी कळलं न्हाई, मला टाकीवर हात ठेवल्यावर कळलं. इंजन कानानं ऐकायचं नसतं आसाराम, तळव्यानं ऐकायचं.

तरी तुझ्या ग्रुपचा नियम तो नियम. गेल्या आठवड्यात नगरला गेल्तो. कानाचं मशीन बसवलं. मधीच शिट्टी मारतं पन ऐकू येतं. लई वर्सांनी शमशादचा आवाज निवांत ऐकला, ती एवढी बोलते हे ठाऊकच नव्हतं. छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली, सगळं चांगलं हाय. डॉक्टर इचारत हुते, कशाला पायजे दाखला? म्हनलं लडाखला चाललोय मोटारसायकलवर. त्यांनी उठून हात मिळवला. दाखला या पाकिटात घातलाय, नीट ठेव, झेरॉक्स काढली न्हाई.

गाडीचं वय म्हनशील तर ती तुझ्यापेक्षा तरनी दिसती आता. माझी गाडी चालू झाली. पैल्या किकला न्हाई, सतराव्या किकला, पन झाली.

पोरं म्हनत हुती टी-शर्ट छापनार हायेत, मागं नाव आन नंबर. मला पुऱ्या बाह्यांचा सांग. नंबर बाराच असंल.

तुझा
चांद

केडगाव
१८ एप्रिल २०२४

चांदभाई,

ईद मुबारक. अरफाने पाठवलेला शीरखुर्मा पोचला. डबा परत करायचा आहे, लक्षात आहे.

दाखला मिळाला. फाईलला लावला.

तारीख २० जून धरून चाल. तू म्हणालास तशी ईद झाल्यावर. गाड्या मात्र २ जूनच्या आत तयार लागतील. इकडे आठ-पंधरा दिवस सामान लादून फिरवून बघायच्या आहेत. टेम्पो पाठवतो, तुला आणून द्यायचा त्रास नको. तुझी गाडी तुझ्याकडेच राहू दे, तिच्यावर अजून काम असेलच.

टी-शर्टांचं छापून आल्यावर बघू. ऊन फार आहे, जपून.

तुझा
आसाराम

तिसगाव
११ जून २०२४

आसाराम,

हे पत्र तू परत आल्यावर वाचशील. आत्ता कुठं असशील ठाऊक न्हाई.

शमशादनं जुन्या जीनच्या पँटीच्या पान्याच्या पिशव्या शिवल्या हुत्या. गुंडाळी करून सीटखाली बसतील अशा. एक तुला, एक मला, दोन्हीत तेच पाने त्याच जागी. टेम्पोत टाकायची राहिली. म्हनलं सामान लादून माझ्या गाडीची बी चाचनी हुईल, स्वतःच नेऊन देऊ. काल सोमवारी सगळं बांधलं. घोंगडी, रेनकोट, भाकरीचा डबा. गल्लीतल्या लोकांनी इचारलं, चालला का चांदभाई? म्हनलं आज न्हाई, वीसला.

तुझ्या चौकात फ्लेक्स लागलाय. आदी मला वाटलं वाढदिवसाचा. ‘अहिल्यानगर ते लेह, प्रस्थान ९ जून’. अकरा फोटो. तू चष्मा काढून उभा हायेस, बरा दिसतोस. टी-शर्ट निळा हाय. सगळ्यांचे फोटो दोनदा बघितले. मग खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘विशेष आभार, चाचा गॅरेज, तिसगाव’. माझ्या गॅरेजला असं नावच न्हाई. चाँद ऑटो हाय. बत्तीस वर्सं पाटी तीच हाय, तूच रंगवून आनली हुतीस.

तरी तुझ्या घरी गेलो. पाय वळले न्हाईत मागं. वहिनीनं दार उघडलं आन माझ्या गाडीवरचं बांधलेलं सामान बघितलं. ते तर काल गेले भाऊजी, म्हनली. मग म्हनली, आत या. चहा केला. बशीत वतला आन तशीच उभी राह्यली, माझ्याकडं बघंना. माझ्या कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं. तिला वाटलं कुकर, ती आत गेली. आत रडत हुती ते मला ऐकू आलं. मशीन नसतं तर बरं झालं असतं.

फाईलला लावलेला दाखला तुझ्या टीव्हीवरच हाय, वर चष्म्याचं घर ठेवलंय. मी उचलला न्हाई.

पिशवी वहिनीपाशी ठेवलीय. येताना घाटात गाडी बाजूला घेतली आन मशीन काढून खिशात टाकलं. मला लई वाईट वाटलं आसाराम. मला नेलं न्हाई त्याचं हायच. पन तू मला तारीख दिलीस. वीस तारीख दिलीस. मी अरफाच्या कॅलेंडरवर गोल केला हुता. न्हाई म्हनला असतास तर मी दोन दिवस शिव्या दिल्या असत्या आन तिसऱ्या दिवशी तुझ्या वायरी वढायला बसलो असतो. तुला मी एवढा बी ठाऊक न्हाई का?

गाड्यांची काळजी करू नको. अकराच्या अकरा माझ्या हातनं झाल्यात. रेघा बघत जा. रेघ जुळती तोवर जबाबदारी माझी.

चांद

चंदीगड
१३ जून २०२४

चांदभाई,

विजयमालाचा फोन आला. तू येऊन गेलास ते कळलं. सगळे जेवायला गेलेत, मी डोकं दुखतं म्हणून खोलीवर थांबलोय. उद्या पहाटे डोंगर चढायला लागायचं.

खरं लिहितो. तुझं नाव मी एकदाच काढलं, फेब्रुवारीत. एक जण म्हणाला, ‘चाचा माणूस चांगला आहे, पण वाटेत तीन ठिकाणी देवदर्शन आहे, खोल्या एकत्र आहेत. आणि वर चौक्यांवर नावं विचारतात. उगाच खोळंबा कशाला?’ ज्ञानेश्वरराव मोबाईल बघत बसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, त्याला तसंही ऐकू येत नाही. असं मी म्हणालो, चांदभाई. कान, दाखला, गाडीचं वय, हे सगळं मी तुला त्यानंतर लिहिलं. मला वाटलं तू आपणहून नको म्हणशील. तू मशीन बसवून आलास.

नऊ तारीख मार्चमध्येच ठरली होती. वीस तारीख फक्त तुझ्यासाठी होती.

मी जोर केला असता तर मलाच म्हणाले असते, बाबा, तुम्हीही राहा घरी. जावयाच्या मेहेरबानीवर आलेला माणूस मी. बत्तीस वर्षांची हौस आणि हीच शेवटची संधी. मी भ्यालो. दुसरं काही नाही.

गाडी उत्तम चालली आहे. आज इथे एका गॅरेजात सगळ्यांनी ऑईल बदलून घेतलं. परत आल्यावर तुझ्याकडे येऊन बोलेन.

तुझा
आसाराम

लेह
१९ जून २०२४

चांदभाई,

रस्ता खरंच ढगाच्या वर आहे. मुख्य पोस्टात जाऊन कार्ड टाकतोय, शिक्का नीट मारा असं सांगून.

आसाराम

केडगाव
१२ जुलै २०२४

चांदभाई,

परत येऊन दोन आठवडे झाले. तुझं पत्र विजयमालाने देव्हाऱ्यात ठेवलं होतं. चार वेळा वाचलं. यायचं धाडस होत नाही म्हणून लिहितो.

बारालाच्या खिंडीच्या चढावर माझी क्लच वायर तुटली. बर्फ पडत होता, हात चालत नव्हते. दुसरी वायर अडकवली आणि पाच मिनिटांत गाडी चालू. पोरं बघत राहिली. एकाने विचारलं, ही युक्ती कोणाची? मी तुझं नाव सांगितलं. अकरांतली एकही गाडी बंद पडली नाही. ज्ञानेश्वररावांनी तर सत्कार करायचं काढलं आहे, शाल-श्रीफळ. तू येशील का ते विचारायला सांगितलंय.

गाडी टेम्पोने पाठवतो आहे. एकदा हात फिरव. सोबत तिकडचे जर्दाळू आहेत, भाभींना आणि अरफाला. दाखलाही पाकिटात घालून परत पाठवला आहे.

तुझ्यावर माझा जो भरवसा आहे तो कधी कमी झाला नाही, एवढं मात्र मान. माफ करता आलं तर कर.

तुझाच
आसाराम

तिसगाव
३ ऑगस्ट २०२४

मा. पोस्टमास्तरसाहेब, केडगाव यांस,

चाँद ऑटो, तिसगाव यांचा नमस्कार.

तुमची गाडी भेटली. जर्दाळू भेटले. ते परत पाठवत न्हाई, अन्न हाय, अरफानं खाल्ले. लेहचं कार्ड बी आलं हुतं. शिक्का कडूबाईच्या पोराच्या पत्रावर हुता तसाच गोल हाय. तुमचं कार्ड वाचून मला चांगलं वाटलं हुतं. खोटं कशाला सांगू, मी ते आरशाच्या कडंला खोवलं हुतं. चंदीगडच्या पत्रानं जे मोडलं हुतं ते त्या कार्डानं थोडं बसलं. मानूस भितो. मी बी भितो. जावयाच्या घरी मान खाली घालावी लागते, हे मला समजतं. ऐकू येत न्हाई म्हनलात ते बी सोडून दिलं. शमशादला म्हनलं, गाडी आली की हात फिरवतो, मग जाऊन येतो केडगावला, संपवून टाकू.

गाडी आल्यावर पानी मारायच्या आदी मी तिच्याभवती चक्कर मारली. सवय हाय.

मागच्या एक्सलची रेघ जुळत नव्हती. ते मी धरत न्हाई, चेन आवळायला तो नट उघडावाच लागतो. मग पुढच्या एक्सलची बघितली. ती बी जुळंना. हँडलच्या चारी नटांच्या रेघा मोडलेल्या. ब्रेकच्या दोन्ही बाजूच्या मोडलेल्या. पुढच्या शॉकअपच्या मोडलेल्या. आन इंजनवरच्या, टाकीच्या, सीटच्या, सायलेन्सरच्या सगळ्या रेघा जशाच्या तशा, लालभडक.

मी खाली बसलो आन इचार केला. गाडी बिघडली म्हनून कुनी उघडली असती तर इंजन उघडलं असतं. पडली म्हनून उघडली असती तर कुठं तरी चेपली असती. हे तसलं न्हाई. जो नट सुटला तर मानूस मरतो, तेवढेच नट उघडून बघितलेत. आन मोडलेल्या रेघेत वरची पांढरी माती घट्ट बसलीय, म्हंजे हे डोंगर चढायच्या आदीच झालंय. चंदीगडला ऑईल बदललं असं तुमी लिहिलं हुतं. ऑईल बदलायला हँडलचे नट उघडावे लागत न्हाईत, साहेब.

तिकडं काय बोलनं झालं असंल ते मला दिसतं. चाचा नाराज हाय, गाड्या सगळ्या त्याच्या हातच्या हायेत, वर जायच्या आदी एकदा बघून घेऊ. कुनी तरी म्हनलं असंल. बाकीच्या धा जनांचं मला काय वाटत न्हाई, ते मला एक रविवार वळखतात. पन तुमची गाडी बी लायनीत लागली. तुमी किल्ली दिली. तिथं बसून त्या गॅरेजवाल्याला एकेक नट उघडताना तुमी बघितलं असंल. आन सगळे आवळलेले निघाले तवा तुमाला काय वाटलं, हे मला एकदा इचारायचं हुतं. बरं वाटलं का? हायसं वाटलं का?

त्याच सांजेला तुमी मला ते पत्र लिहिलं. खरं लिहितो म्हनून.

गाड्या मी दोन जूनला दिल्या. तवा मला वाटत हुतं की मी बी चाललोय. नाराज व्हायचं कारनच मला दहाला कळलं. नऊच्या आदी मी कशाला कुनाचा नट ढिला ठेवीन? एवढा हिशोब बी तुमी केला न्हाई. चांद फसवलाय, म्हंजे चांद मारनार, एवढंच तुमच्या डोक्यात आलं. उस्तादाच्या नटाची गोष्ट मी जन्मात एका मानसाला सांगितली. ती तुमच्या ध्यानात राह्यली, पन तुमाला तिच्यातनं हे शिकायला भेटलं.

नेलं न्हाई याचं दुख मी चार महिन्यांत इसरलो असतो. हे मला इसरता येत न्हाई. मला दुसरं काय येत न्हाई, साहेब. धड लिहायला येत न्हाई, ऐकू येत न्हाई. नट आवळायला येतो, एवढंच माझ्यापाशी हुतं.

सत्काराचं जावईबापूंना सांगा, चाचा गॅरेज नावाचं गॅरेज तिसगावात न्हाई. दाखला भेटला, फाडून टाकला. कानाचं मशीन डबीत ठेवलंय. माझी गाडी चालू हाय. रोज शेवगावला जाते, पार्ट आनायला. तिची दुसरी वायर मी सोडून घेतली, उगं लोंबत हुती.

तुमची गाडी उद्या टेम्पोनं पोचंल. ऑईल बदललंय, टॅपेट बसवलंय, तुटलेल्या वायरीच्या जागी नवी वढलीय. नट सगळे नीट आवळलेत, पुढच्या एक्सलपास्नं मागच्या एक्सलपतूर, स्वतः दोनदा बघितले. तुमाला वाटलं तर परत कुनाकडनं बघून घ्या. जुन्या रेघा घासून काढल्या आन या वेळेला रेघ कुठंच मारली न्हाई.

चांद
मेकॅनिक